शाळेंतील जातिभेद : दप्तर आणि मुलांची साक्ष

शाळांच्या इतिहासाचीं साधनें म्हणजे सरकारी ठराव, अहवाल व दाखल्यांचीं रजिस्टरें, अशी सामान्य समजूत आहे. हीं साधनें मोलाचीं आहेत यांत शंका नाहीं. परंतु अस्पृश्य मानलेल्या मुलांनीं शाळेंत काय सोसलें व त्यावरून तीं काय शिकलीं, हें केवळ त्यांवरून कळत नाहीं. त्यासाठीं मुलांचें स्वतःचें लेखन व त्यांच्या पुढील आठवणी दप्तराशेजारीं ठेवून वाचल्या पाहिजेत. पुढील तीन साधनांवरून हें स्पष्ट होईल.

पहिलें साधन मुक्ता साळवे हिचा निबंध. मांग जातीची ही मुलगी पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेंत शिकत होती. महारमांगांच्या दुःखाविषयीं तिनें लिहिलेला निबंध १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें ‘ज्ञानोदया’त दोन भागांत छापला गेला. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असा तिचा रोकडा प्रश्न आहे. दुःख तिच्या ओळखीचें होतेंच. शाळेनें त्याला शब्द दिले.

दुसरें साधन धारवाडचें. १८५६ सालीं तेथील सरकारी शाळेंत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलानें मुंबई सरकारकडे अर्ज केला. न्याय अर्जदाराच्या बाजूस आहे हें सरकारनें मान्य केलें. तथापि एकट्यासाठीं त्यास आंत घेतल्यास इतरांच्या दृष्टीनें शाळाच निरुपयोगी होईल, या भीतीनें अर्ज नाकारला. पुढें १८५८ सालीं कंपनीच्या संचालकांनीं सरकारी शाळा सर्व वर्गांस खुल्या असाव्यात असें कळविलें. तत्त्वाचा निकाल असा लागला. दारावरून परतलेला मुलगा मात्र आपणांस केवळ ‘अर्जदार’ म्हणूनच भेटतो.

तिसरें साधन सातारचें. तेथील सरकारी शाळेच्या रजिस्टरांत ७ नोव्हेंबर १९०० रोजीं १९१४ या क्रमांकावर भिवा रामजी आंबेडकर हें नांव दाखल आहे. नोंद नियमाप्रमाणें आहे. तीवरून मुलगा इतरांसारखाच वर्गांत बसला असेल असें कोणासही वाटेल. परंतु डॉ. आंबेडकरांनीं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनांत त्या सुमाराच्या शाळेविषयीं जें लिहिलें, तें निराळें आहे. कोपऱ्यांत वेगळें बसावयाचें. बसण्याचें गोणपाट रोज घरीं न्यावयाचें व परत आणावयाचें, कारण शाळा झाडणारा नोकरही त्यास शिवत नसे. तहान लागली तरी नळास हात लावावयाचा नाहीं. शिपाई नसेल तर पाणीही नाहीं.

यावरून आमचें अनुमान असें. जातिभेद मुलांस पाठ्यपुस्तकानें शिकविला असें नव्हे. तो बसण्याच्या जागेनें, गोणपाटानें व नळानें शिकविला. हा धडा कोपऱ्यांतील मुलाबरोबर त्याच्याकडे पाहणाऱ्या साऱ्या वर्गासही मिळत होता. प्रवेशाचा ठराव झाल्यानें हा धडा थांबला नाहीं, आणि रजिस्टरांत त्यासाठीं रकानाही नव्हता.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, जुन्या रुमालांत ठरावांच्या नकलांबरोबर मुलांचे निबंध, वह्या किंवा घरीं लिहिलेलीं पत्रें आढळलीं, तर तीं किरकोळ समजून टाकूं नयेत. ज्या प्रश्नास दप्तर उत्तर देत नाहीं, त्याचें उत्तर बहुधा तेथेंच सांपडेल.