पंखा विस्तव थंड करत नाही

नान-खलियाच्या शहरात आच राखण्याची कला नवी नाही. देगेखालचं लाकूड पुढे सारलं की उकळी वाढते, मागे ओढलं की बसते. पण लोखंडी ड्रमचा स्मोकर करून त्यात मटणाची अख्खी रान सहा-आठ तास मंद धुरावर शिजवायची, तर तेवढा वेळ विस्तवापाशी बसणं प्रत्येकाला जमत नाही. म्हणून तापमान आपोआप राखणारा कंट्रोलर घरीच जोडावा असं वाटतं. छत्रपती संभाजीनगरात त्यासाठी जाणकार माणसं मुबलक आहेत. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांतून काम केलेल्या कितीतरी जणांना थर्मोकपल आणि पीआयडी कंट्रोलर रोजच्या हाताखालचे. मात्र कारखान्यातल्या विजेच्या हीटरची रीत कोळशाला जशीच्या तशी लावली की फसगत होते.

‘सेट पॉइंट ११० अंश दिला, आता कंट्रोलर बघून घेईल.’ हा सगळ्यात मोठा गैरसमज. हीटरची वीज तोडली की उष्णता येणं थांबतं. कोळशाला असं बटण नाही. कंट्रोलरच्या हातात फक्त एक छोटा ब्लोअर असतो. तापमान घसरलं की तो हवा देतो, विस्तव फुलतो. तापमान चढलं की तो थांबतो, एवढंच. झाकणाच्या कडेतून, दाराच्या फटीतून हवा येतच राहिली तर पंखा बंद असूनही ड्रम १५० अंशांवर जातो आणि कंट्रोलरला काहीही करता येत नाही. हवेची वाट अडवून आच राखायची ही युक्ती फार जुनी आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने भट्टीत पारा वापरून ती साधली होती : उष्णता वाढली की पारा चढायचा आणि हवेचं झाकण मिटायचं.

म्हणून सुरुवात सोल्डरिंगपासून नको, ड्रमपासून करा. झाकणाला आणि दाराला काचतंतूची दोरी किंवा उष्णता सोसणारं सिलिकॉन लावा. मग कोळसा पेटवून सगळी भोकं बंद करा. विस्तव हळूहळू विझला तर ड्रम कामाचा. धुमसतच राहिला तर धूर कुठून निघतो ते पाहा आणि ती फट बुजवा. पेटवतानाही सगळा कोळसा एकदम लाल करू नका. न पेटलेल्या ढिगावर मूठभर निखारे ठेवा, म्हणजे तापमान खालून वर सावकाश चढतं. एकदा वर गेलेली आच खाली आणणं फार अवघड.

‘मोठा पंखा घेतला की ताबा चांगला राहतो’ हेही उलटंच. जोराच्या हवेने राख उडून मांसावर बसते आणि तापमान सेट पॉइंटच्या बरंच पुढे जातं. ड्रमच्या स्मोकरला तळहाताएवढा १२ व्होल्टचा ब्लोअर पुरतो.

सेन्सरच्या निवडीत घाई नडते. शिकाऊ प्रकल्पांत सर्रास दिसणारा डीएस१८बी२० फक्त १२५ अंशांपर्यंतचा. भडका उडाला की तो गेला. के-टाइप थर्मोकपल किंवा पीटी१०० घ्या. थर्मोकपलची तार कमी पडली म्हणून साधी तांब्याची वायर जोडू नका. तो जोड ड्रमजवळ जितका तापेल तितकं वाचन चुकेल. झाकणावरच्या घड्याळी थर्मामीटरवरही विसंबू नका. तो घुमटाजवळची हवा मोजतो. सेन्सर जाळीच्या उंचीवर, मांसापासून दोन-तीन बोटं दूर हवा. तो तपासायला उकळतं पाणी चांगलं, पण इथे १०० आकडा शोधू नका. हे शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंचीवर आहे. इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. सेन्सरने ९८ दाखवले म्हणून त्याला दोन अंशांनी ‘दुरुस्त’ केलंत, तर चांगला सेन्सर बिघडवून ठेवाल.

पीआयडीचे आकडे दुसऱ्याच्या स्मोकरवरून उतरवून चालत नाहीत. ही पद्धत निकोलस मिनोर्स्कीने १९२२मध्ये जहाजाच्या सुकाणूचा अभ्यास करताना मांडली आणि झीग्लर-निकोल्सची आकडे बसवण्याची रीत १९४२ची. दोन्ही आजही उपयोगी आहेत, पण कोळसा वर झपाट्याने जातो आणि खाली रेंगाळत येतो, त्यामुळे ऑटोट्यून, म्हणजे कंट्रोलरने आपणच आकडे बसवणं, हमखास चकतं. आधी फक्त ‘पी’ वापरा, म्हणजे तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात हवा देणारा भाग. साचत गेलेला फरक भरून काढणारा ‘आय’ अगदी थोडा, नंतर.

आणखी एक शंका नेहमी येते. ड्रम ११० अंशांवर स्थिर, तरी मांसाच्या आतलं तापमान सत्तरीच्या आसपास तासन्‌तास हलत नाही. लोकांना कंट्रोलर बिघडल्यासारखं वाटतं, मग ते सेट पॉइंट वाढवतात आणि मांस कोरडं करतात. खरं कारण घामासारखं आहे : मांसातलं पाणी पृष्ठभागावरून उडून जाताना उष्णता घेऊन जातं. पाणी कमी झालं की आकडा पुन्हा चढू लागतो. याच टप्प्यात चिवट स्नायुबंध विरघळून मांस मऊ होतं, तेव्हा थांबा. कोंबडी मात्र आत ७४ अंश झाल्याशिवाय उतरवू नका.

जळणासाठी परदेशी लाकडाच्या पिशव्या मागवायची गरज नाही. अमेरिकेतल्या टेक्ससमध्ये मिरवणारं मेस्कीट आणि मराठवाड्यात माजलेली वेडी बाभूळ एकाच वंशातली झाडं आहेत. पॅकिंगच्या पेट्यांचं किंवा प्लायवूडचं लाकूड मात्र कधीच नको. त्यातल्या रसायनांचा धूर थेट अन्नात उतरतो.

‘सगळं १२ व्होल्टचं, म्हणजे धोका नाही’ असं समजून स्मोकर गॅलरीत किंवा शेडमध्ये लावू नका. कमी हवेत धुमसणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला रंग नसतो, वास नसतो. स्मोकर उघड्या अंगणात किंवा मोकळ्या गच्चीवरच पेटवा आणि विझल्याची खात्री होईपर्यंत तो घरात आणू नका.