कुझ्माची आई इंग्रजीत कशी आणायची?

मॉस्कोतल्या पोलंडच्या वकिलातीत १८ नोव्हेंबर १९५६ रोजी स्वागत समारंभ होता. पाश्चात्त्य राजदूतांसमोर बोलताना सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव म्हणाले, ‘मी वास पोखोरोनिम.’ शेजारी उभा असलेला दुभाषा व्हिक्टर सुखोद्रेव तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांचा होता आणि त्याच वर्षी परराष्ट्र खात्यात रुजू झाला होता. त्यानं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत ठेवलं: आम्ही तुम्हाला गाडू. रशियन फौजा हंगेरीत घुसून दोनच आठवडे झाले होते. अणुबाँबच्या सावलीत जगणाऱ्या अमेरिकेनं ते वाक्य धमकी म्हणूनच ऐकलं आणि पुढची कित्येक वर्षं ते ख्रुश्चेव यांची पाठ सोडेना.

भाषांतरात शब्दाची चूक नव्हती. ‘पोखोरोनित’ म्हणजे पुरणं, अंत्यसंस्कार करणं. मात्र रशियन माणूस त्यात आणखीही एक अर्थ ऐकतो: तुमच्यामागे आम्ही उरू, तुमच्या मयताला आम्हीच येऊ. भांडवलशाही स्वतःची कबर खोदणारे स्वतःच जन्माला घालते, हा मार्क्स-एंगल्सच्या १८४८च्या जाहीरनाम्यातला विचार प्रत्येक सोव्हिएत कार्यकर्त्याला पाठ होता. ख्रुश्चेव त्याच्याच आधारानं बोलत होते. १९६३ साली युगोस्लाव्हियात त्यांनी खुलासाही केला की, आम्ही काही फावडं घेऊन तुम्हाला पुरायला येणार नाही, तुमचाच कामगारवर्ग ते काम करील. तोवर सात वर्षं उलटून गेली होती.

या प्रकरणात सुखोद्रेव यांना दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांचं लहानपण काही वर्षं लंडनमध्ये गेलं होतं आणि इंग्रजी त्यांच्या जिभेवर अस्सल लंडनकरासारखी खेळायची. त्यांना पर्याय सुचला नसेल असं नाही. पण राष्ट्राचा प्रमुख तावातावानं बोलत असताना ‘साहेबांना असं म्हणायचंय’ असं सांगण्याचा अधिकार दुभाष्याला कुणी दिला? वाक्य सौम्य केलं आणि नंतर मूळ शब्द बाहेर आले, तर लबाडीचा आरोप त्याच्याच माथी येतो. पुस्तकाच्या अनुवादकापुढे हा पेच नसतो. व्लादिमिर नाबोकोव्ह यांनी पुश्किनच्या ‘येव्गेनी ओनेगिन’चं इंग्रजी भाषांतर १९६४ साली चार खंडांत छापलं. त्यात कवितेची जागा थोडी, बाकी सगळी टीपा आणि विवेचन. एकेका रशियन शब्दासाठी ते थांबतात, मागे जातात, फ्रेंच मूळ शोधतात. समारंभात उभ्या असलेल्या माणसाला एक तळटीपही देता येत नाही.

ख्रुश्चेव यांचं बोलणं तर म्हणींनी आणि गावरान शब्दांनी खच्चून भरलेलं असायचं. कुर्स्क प्रांतातल्या शेतकरी घरात जन्मलेला, पुढे दोनबासच्या कारखान्या-खाणींत वाढलेला हा माणूस. त्यांच्या तोंडचा सर्वांत प्रसिद्ध वाक्प्रचार म्हणजे ‘कुझ्किना मात’, कुझ्माची आई. ‘तुम्हाला कुझ्माची आई दाखवू’ असं रशियन माणूस म्हणतो तेव्हा त्यात ना कुणी कुझ्मा असतो, ना त्याची आई. मराठीत आपण ‘इंगा दाखवू’ म्हणतो, त्याच जातीचं हे आहे. इंगा म्हणजे नेमकं काय, असं विचारलं तर आपल्यापैकी पुष्कळांना सांगता येणार नाही, तरी धमकी बरोबर पोचते. १९५९च्या उन्हाळ्यात मॉस्कोच्या सोकोल्निकी उद्यानात अमेरिकी प्रदर्शन भरलं होतं. तिथे उपराष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्याशी ख्रुश्चेव यांची जी खडाजंगी झाली, ती ‘किचन डिबेट’ म्हणून गाजली. त्या काळातल्या वादावादीत हा शब्द आला आणि दुभाष्यानं तो अक्षरशः भाषांतरित केला. अमेरिकी मंडळींसमोर कुठल्याशा कुझ्माची आई येऊन उभी राहिली.

त्याच वर्षी ख्रुश्चेव अमेरिकेला गेले. तिथे दुभाषे सुखोद्रेवच होते. त्यांनी आठवणींत लिहून ठेवलंय की, या शब्दावर भाषांतरवाले नेहमी का अडतात याचंच ख्रुश्चेव यांना नवल वाटायचं. त्यांच्या मते अर्थ साधा होता: तुम्ही कधी पाहिलं नाही असं काहीतरी तुम्हाला दाखवू. रशियन शब्दकोश मात्र त्यात धमकीच नोंदवतात. म्हणजे बोलणाऱ्याचा अर्थ एक, भाषेचा दुसरा आणि ऐकणाऱ्याच्या कानावर पडला तो तिसराच. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी नोवाया झेम्ल्या बेटांवर सोव्हिएत संघानं सुमारे ५० मेगाटन शक्तीचा हायड्रोजन बाँब फोडला. रशियात त्या बाँबला लोक आजही ‘कुझ्माची आई’ म्हणतात.

म्हण समोर आली की दुभाष्याला क्षणार्धात काहीतरी सोडून द्यावं लागतं. ‘राक डोंगरावर शिट्टी वाजवील तेव्हा’ असं रशियन माणूस म्हणतो. राक हा गोड्या पाण्यातला नांग्यांचा प्राणी. अर्थ उघड आहे: हे कधीच होणार नाही. इंग्रजीत यासाठी डुकरं उडवतात. दुभाष्यानं राकच्या जागी उडतं डुक्कर ठेवलं की सभागृहात हशा पिकतो आणि तो सुटकेचा श्वास सोडतो. पण वक्ता ख्रुश्चेव यांच्यासारखा असेल, तर पुढच्याच वाक्यात तो त्या राकला उकळत्या पाण्यात टाकतो, लाल करतो, ताटात वाढतो. आता डुकराचं काय करायचं? म्हणून अनुभवी दुभाषा पुष्कळदा चित्र सोडून नुसता अर्थ सांगतो. रंग जातो, पण तोल जात नाही. मला हाच मार्ग प्रामाणिक वाटतो.

काही शब्दप्रयोगांच्या मागे तर अख्खी गोष्ट उभी असते. ‘अस्वलाची सेवा’ म्हणजे भलं करायला जाऊन केलेला घात. क्रिलोव्हच्या बोधकथेतलं अस्वल झोपलेल्या मित्राच्या कपाळावरची माशी दगडानं मारतं आणि मित्राचंच डोकं फुटतं. पंचतंत्रातला राजा, त्याचं माकड आणि ती तलवार आपल्याला लगेच आठवते. हे साम्य योगायोगाचं नाही. क्रिलोव्हच्या आधी ही अस्वलाची गोष्ट फ्रेंच कवी ला फॉन्तेननं सांगितली होती आणि त्यानं आपल्या पुढच्या कथांचं ऋण ‘पिल्पे’ या भारतीय ऋषीच्या नावावर उघडपणे मांडलं होतं. रशियन मुलं क्रिलोव्ह शाळेतच शिकतात, त्यामुळे त्यांना दोन शब्द पुरतात. इंग्रज श्रोत्याला त्या दोन शब्दांत फक्त अस्वल दिसतं.

हे सगळं यंत्राकडे सोपवता येईल, अशी आशा शीतयुद्धातच निर्माण झाली. ती मांडणाऱ्यांत लिऑन दोस्तेर अग्रभागी होते. फ्रान्समध्ये जन्मलेला, पहिल्या महायुद्धात जर्मन ताब्यातल्या गावात वाढलेला हा माणूस पुढे अमेरिकी सैन्यात जनरल आयझेनहॉवर यांचा दुभाषा झाला. नोव्हेंबर १९४५ मध्ये सुरू झालेल्या न्यूरेंबर्ग खटल्यासाठी इंग्रजी, रशियन, फ्रेंच आणि जर्मन अशा चार भाषांतल्या एकाच वेळच्या भाषांतराची व्यवस्था त्यांनीच उभी केली. यंत्रणा आयबीएमची होती. वक्ता घाईनं बोलू लागला की पिवळा दिवा लागायचा, थांबायचं असेल तर लाल. ७ जानेवारी १९५४ रोजी हेच दोस्तेर न्यूयॉर्कमध्ये, पुन्हा आयबीएमच्याच साथीनं, जगाला वेगळं दृश्य दाखवत होते. रशियन न जाणणाऱ्या एका मुलीनं साठहून अधिक रशियन वाक्यं कार्डांवर छिद्रं पाडून आयबीएम ७०१ संगणकाला दिली आणि इंग्रजी वाक्यं छापून आली. यंत्राजवळ २५० शब्द होते आणि व्याकरणाचे सहा नियम. वाक्यं बेतून निवडलेली होती, बरीचशी रसायनशास्त्रातली. कुझ्माच्या आईला त्यात जागा नव्हती. दोस्तेर यांना वाटलं, महत्त्वाच्या विषयांपुरतं हे काम तीन ते पाच वर्षांत जमेल. १९६६ साली अमेरिकी सरकारच्या समितीनं या प्रगतीविषयी इतका निराशाजनक अहवाल दिला की पैशाचा ओघ आटला.

उलट दिशेचा एक प्रसंग मात्र फार सुंदर आहे. ‘दोव्हेर्याय, नो प्रोव्हेर्याय’, म्हणजे विश्वास ठेव, पण खातरजमा कर. रशियनमध्ये या म्हणीचं यमक कानात घुमतं, इंग्रजीत ते पूर्ण गळून पडतं. रशियाच्या अभ्यासक सुझॅन मॅसी यांनी ती अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांना शिकवली. रेगन ती रशियनमध्येच म्हणायचे, म्हणून यमक शाबूत राहायचं. ८ डिसेंबर १९८७ रोजी वॉशिंग्टनमध्ये मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या करारावर सही होताना त्यांनी ती पुन्हा म्हटली. तुम्ही प्रत्येक भेटीत हेच म्हणता, असं सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी हसत सुनावलं, आणि रेगन यांनी उत्तर दिलं की, मला ती आवडते.

ही म्हण करारातही उतरली. खातरजमेसाठी अमेरिकी तपासनीस उरलच्या पश्चिमेला व्होत्किन्स्कच्या क्षेपणास्त्र कारखान्याच्या दाराशी राहू लागले आणि सोव्हिएत तपासनीस यूटा राज्यातल्या मॅग्ना गावी. १९९१च्या मेअखेरपर्यंत दोन्ही बाजूंनी मिळून २,६९२ क्षेपणास्त्रं नष्ट केली. दोन्ही दारांवर तपासनिसांच्या तुकड्यांत भाषा जाणणारी माणसं होती आणि २००१ पर्यंत तिथून बाहेर पडणारी मालवाहतूक तपासली जात राहिली.