तबकडीच्या पाठीवरची नावे

जॉर्ज हॅरिसनचा पहिला स्वतंत्र अल्बम कोणता, असे विचारले की बहुतेक रसिक १९७० च्या ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’चे नाव घेतात. पण बीटल्स फुटण्याच्या बऱ्याच आधी, १ नोव्हेंबर १९६८ रोजी, या गिटारवादकाची ‘वंडरवॉल म्युझिक’ ही तबकडी इंग्लंडमध्ये निघाली होती. बीटल्सच्या स्वतःच्या ‘ॲपल’ कंपनीने काढलेला हा पहिलाच अल्बम. त्यात हॅरिसन एकही गाणे गात नाही. आणि त्यातला मोठा भाग ध्वनिमुद्रित झाला तो मुंबईत, फोर्टातल्या फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्ही स्टुडिओत.

जो मॅसो या दिग्दर्शकाला आपल्या ‘वंडरवॉल’ चित्रपटासाठी पार्श्वसंगीत हवे होते. भिंतीतल्या भोकातून शेजारच्या तरुणीचे आयुष्य न्याहाळणारा विसरभोळा प्राध्यापक, अशी त्याची कथा. संवाद कमी, त्यामुळे संगीताला मोकळे रान. हॅरिसनने स्टॉपवॉच हातात धरून प्रसंगांची लांबी मोजली आणि त्या मापाच्या रचना बेतल्या. लंडनमधले काम १९६७ च्या नोव्हेंबरात सुरू झाले. जानेवारी १९६८ मध्ये तो मुंबईत उतरला.

लंडनमध्ये तेव्हा चार ट्रॅकची यंत्रे रुळली होती. इथे स्टिरिओसाठी दोन ट्रॅकचे यंत्रही कलकत्त्याहून आणवावे लागले. ते आणवणारे भास्कर मेनन पुढे अमेरिकेत कॅपिटल रेकॉर्ड्सचे प्रमुख झाले. खोलीला आवाजबंदी जेमतेम, त्यात खालच्या रस्त्यावरची रहदारी. दोन ट्रॅकवर काम करायचे म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून एकदम वाजवायचे. एकाचा सूर हलला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. लंडनच्या वादकाला ही अडचण वाटली असती. मुंबईच्या वादकांचे मात्र चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात रोजचेच काम हे होते: सूचना ऐकायची, मिनिटाच्या मापात जीव ओतायचा, पहिल्या-दुसऱ्या टेकमध्ये मोकळे व्हायचे. या अल्बमचे श्रेय मोजताना हे कौशल्य फारसे कोणी मोजत नाही.

तबकडी ऐका म्हणजे पटेल. एकूण १९ तुकडे, बरेचसे अगदी छोटे. ‘गत किरवाणी’ सव्वा मिनिटाची आहे. अली अकबर खाँसाहेबांचे चिरंजीव आशिष खान यांचा सरोद आणि महापुरुष मिश्र यांचा तबला तेवढ्या अवकाशात रागाचा चेहरा दाखवून जातात. ‘क्राइंग’मध्ये विनायक व्होरा यांची तारशहनाई आहे. एस्राजला कर्णा जोडलेले हे वाद्य गजाने वाजवतात, पण नाद निघतो तो फुंकरीच्या वाद्यासारखा. शिवकुमार शर्मांचा संतूर, एस. आर. केंकरे यांची बासरी, चंद्रशेखर नारिंग्रेकर यांचा सूरबहार, रिजराम देसाद यांची हार्मोनियम आणि तबलातरंग, हा सगळा मेळ तिथे जमला होता.

मला सर्वांत जवळची वाटते ती सुरुवातीची ‘मायक्रोब्ज’. त्यातल्या शहनाया आहेत शरद कुमार आणि हनुमान जादेव यांच्या (तबकडीवर आडनाव असेच छापले आहे). दोन शहनाया, लय संथ, घाई कुठेच नाही. आमच्या उमरग्यात सोलापूर-हैदराबाद रस्त्यालगतच्या मंगल कार्यालयांत सनईचा सूर अजून अधूनमधून कानावर येतो. तुळजापूरच्या आईचा संबळ तर या मुलखाच्या अंगातच आहे. लग्नात सनई वाजवणाऱ्या एका काकांना मी मोबाइलवर ‘मायक्रोब्ज’ ऐकवली. डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, “दोघं एकमेकाच्या दमाची वाट बघायलेत.” या रचनेवर मी वाचलेल्या कोणत्याही परीक्षणापेक्षा हे वाक्य मला मोलाचे वाटते.

परीक्षणांचे सांगायचे तर तेव्हा फारसा गाजावाजा झालाच नाही. इंग्लंडच्या विक्री यादीत अल्बम आला नाही. अमेरिकेत डिसेंबरमध्ये निघाला आणि ४९ व्या क्रमांकापर्यंत गेला. चित्रपट मे १९६८ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला, पण लंडनच्या प्रेक्षकांपर्यंत पोचायला १९६९ उजाडले. म्हणजे तबकडी आधी आणि चित्रपट मागून. त्यातच तबकडीनंतर तीनच आठवड्यांनी, २२ नोव्हेंबर १९६८ ला, बीटल्सचा ‘व्हाइट अल्बम’ आला आणि सगळ्यांचे कान तिकडे वळले. पुढे १९९२ आणि २०१४ मध्ये पुनर्मुद्रणे निघाली, तेव्हा पूर्व-पश्चिम मेळाचा आरंभीचा प्रयोग म्हणून त्याचा आदराने उल्लेख होऊ लागला. ओअॅसिसने १९९५ मधल्या आपल्या गाण्याला याच तबकडीवरून नाव दिले; ते गाणे जगभर पोचले, मूळ तबकडी मागेच राहिली.

मुंबईच्या त्याच सत्रांतली एक धून मात्र घरोघरी गेली. ‘द इनर लाइट’चे वादन इथेच झाले, बासरी हरिप्रसाद चौरसियांची. हॅरिसनने गायन लंडनला जाऊन केले आणि मार्च १९६८ मध्ये ते ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला आले. बीटल्सच्या सिंगलवर हॅरिसनची रचना येण्याची ती पहिलीच वेळ.

तरीही माझे मन गुंतते ते तबकडीच्या पाठीवर. तिथे मुंबईच्या वादकांची नावे वाद्यांसह छापली आहेत. हिज्जे चुकले असतील, पण नावे आहेत. त्याच काळातल्या हिंदी चित्रपटांच्या तबकड्या काढून पाहा. गायक, गीतकार, संगीतकार असतात. बासरी कोणाची, सतार कोणाची, याचा सहसा पत्ता नसतो. आमच्याकडच्या लग्नपत्रिकेत मामा, काका, आत्या, अगदी ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणाऱ्या चिल्ल्यापिल्ल्यांचीही नावे असतात, वाजंत्र्यांचे नसते. उमरगा, लोहारा, तुळजापूर या तालुक्यांतल्या सनईवाल्यांची आणि संबळवाल्यांची यादी, कोण कोणाकडे शिकले याच्या नोंदीसह, आजही करता येईल. मी ती सुरू केली आहे, आणि पहिले नाव त्या काकांच्या गुरूंचे आहे.