सैनिक भरपूर, पण पोचत नाहीत : डांग्या खोकल्याचे विष



पायात काटा मोडला की तिथे लाली येते, सूज येते, ठणकतं. मुलं विचारतात, "सर, सूज का येते?" सूज म्हणजे मदत आल्याची खूण! दुखावलेल्या जागेतून रासायनिक निरोप सुटतात. जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीला चिकटतात, फटीतून बाहेर पडतात आणि निरोप जिथून जास्त येतो त्या दिशेने सरकत जातात.

काही जंतू नेमकी ही वाटचालच बिघडवतात. उदाहरण डांग्या खोकल्याचं. हा जंतू १९०६ मध्ये बोर्डे आणि झांगू यांनी वेगळा करून दाखवला. त्याचं विष पांढऱ्या पेशीच्या आत शिरतं आणि निरोप पुढे नेणारं 'जी' नावाचं प्रथिन निकामी करतं. म्हणजे कानाला ऐकू येतं, पण पाय हलत नाहीत!

परिणाम काय? लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तातच अडकून राहतात. मोठ्या माणसाच्या १ घनमिलिमीटर रक्तात पांढऱ्या पेशी साधारण ४ ते ११ हजार असतात. डांग्या खोकला झालेल्या तान्ह्या बाळात हा आकडा कधीकधी ५० हजारांच्याही वर जातो. रिपोर्टमध्ये सैनिक भरपूर, पण लढाईच्या जागी वेळेवर पोचत नाहीत. शिवाय इतक्या पेशींनी फुप्फुसातल्या बारीक वाहिन्या तुंबतात, ते बाळाच्या जिवावर बेतू शकतं.

वर्गात हे आंधळी कोशिंबीर खेळून दाखवा. डोळे बांधलेली मुलं टाळीच्या दिशेने जातात. मग काहींना सांगा, "टाळी ऐकायची, पण जागचं हलायचं नाही." मुलांना लगेच कळतं.

आता आपलं काम. पेंटाव्हॅलेंट लस ६, १० आणि १४ आठवड्यांना मिळते. त्रिगुणीचा बूस्टर १६ ते २४ महिन्यांत आणि दुसरा ५ ते ६ वर्षांत. हा शेवटचा डोस बरेचदा राहून जातो, कारण "आता मूल मोठं झालं". पण लसीचं बळ काळानुसार कमी होतं. शाळेतून खोकला घरी आला, तर धोका असतो लस न मिळालेल्या तान्ह्या भावंडाला.

म्हणून पहिलीच्या प्रवेशावेळी लसीकरण कार्ड जरूर पाहूया. आणि सुईच्या जागी थोडी सूज आली तर घाबरू नका. सैनिक पोचलेत, एवढाच त्याचा अर्थ!