नवी बॅटरी, नवा स्टार्टर, तरीही गाडी थंडच

आरोग्य आणि अर्थ या सदरात गाडीवरचा लेख कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. पण मिशिगनमध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना हे वेगळे सांगायला नको. येथे गाडी बंद म्हणजे नोकरी, डॉक्टर, मुलांची शाळा, वाणसामान सगळेच बंद. त्यातून जानेवारीत रात्री अकराला बंद पडली तर तो थेट आरोग्याचाच प्रश्न होतो. आणि गाडीच्या विजेच्या दुरुस्तीत एक गंमत अशी आहे की, पार्ट बदलत गेले तर खिसा रिकामा होतो, पण गाडी चालू होईलच असे नाही.

गेल्या हिवाळ्यातले एक उदाहरण सांगतो. मंडळातलेच एक स्नेही. घरात एकच गाडी, दहा वर्षांची जुनी सेडान. वहिनी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये संध्याकाळच्या पाळीला जातात. डिसेंबरात गाडी सकाळी कुरकुरू लागली. बॅटरी पाच वर्षांची होती, ती बदलली : १९० डॉलर. दोन आठवडे बरे गेले, मग पुन्हा तेच. दुकानात तपासल्यावर आल्टरनेटर कमी चार्ज देतो असे निघाले, तो बदलला : ३४० डॉलर. त्यानंतर तर गाडी पूर्णच रुसली. किल्ली फिरवली की एकदा 'टक' आणि पुढे शांतता. मग स्टार्टर : २६० डॉलर. पुन्हा 'टक'. एकूण ७९० डॉलर गेले आणि गाडी ड्राइव्हवेतच. एका गॅरेजने फोनवरच निदान केले की गाडीचा कॉम्प्युटर गेला असावा, ११५० डॉलर लागतील. तेव्हा त्यांनी मला बोलावले. मी मेकॅनिक नाही, सॉफ्टवेअर लिहितो. पण इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकलेला ओहमचा नियम अजून विसरलेलो नाही. वहिनींनी चहा पुढे करत एवढेच विचारले, "भावजी, उद्या तीनला माझी पाळी आहे. गाडी होईल, की कोणाची राइड सांगून ठेवू?"

मी म्हटले, राइड सांगून ठेवा. घाईत केलेले निदान महागात जाते.

आता थोडे मुळाशी जाऊ. गाडी चालू करण्याचे काम बॅटरी आणि स्टार्टरचे. आल्टरनेटरचा त्या क्षणी काही संबंध नसतो. इंजिन फिरू लागले की तो बॅटरी भरतो. १९१२ साली चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत आला आणि हँडल मारण्याचे कष्ट संपले. तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे : काही सेकंदांपुरता प्रचंड करंट. चार सिलिंडरच्या गाडीचा स्टार्टर दीड-दोनशे अँपिअर सहज ओढतो. कडाक्याच्या थंडीत तेल घट्ट होते, त्यामुळे मागणी वाढते. आणि शून्य फॅरनहाइटच्या आसपास बॅटरीची ताकद निम्म्याहून खाली आलेली असते. म्हणूनच उन्हाळ्यात निभावून गेलेला दोष थंडीत उघडा पडतो. आपल्याकडे चेतक तिरकी करून किंवा फियाटला गल्लीतल्या पोरांनी धक्का मारून वेळ निभावत असे. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीला धक्क्याचा उपयोग नाही, तेव्हा निदान करणेच भाग आहे.

निदानाची पहिली दोन साधने फुकट आहेत : कान आणि हेडलाइट. दिवे लावून किल्ली फिरवा. दिवे मिणमिणले आणि 'टकटकटकटक' असा आवाज आला, तर बॅटरी रिकामी आहे किंवा तिच्या टोकांवरची पकड ढिली आहे. (नवी बॅटरीही दुकानाच्या फळीवर महिनोन् महिने पडून अर्धी उतरलेली असू शकते.) दिवे लख्ख राहिले आणि एकच 'टक' झाला, किंवा तोही झाला नाही, तर करंट स्टार्टरपर्यंत पोचत नाही किंवा स्टार्टरच गेला आहे. काहीच आवाज नसेल तर गिअर न्यूट्रलला टाकून पाहा. पार्कमध्ये असल्याची खूण देणारा स्विच कधी कधी दगा देतो. डॅशबोर्डवर किल्लीचा किंवा कुलपाचा दिवा भराभर लुकलुकत असेल तर चोरीविरोधी यंत्रणेला किल्ली ओळखता आलेली नाही. अशा वेळी दुसरी किल्ली लावून पाहावी. आणि बॅटरी बसवताना पान्हा चुकीच्या जागी टेकला किंवा तारा उलट लागल्या, तर मुख्य फ्यूज उडतो. 'पार्ट बदलल्यावरच गाडी बंद पडली' या तक्रारीत हा फ्यूज आवर्जून पाहावा.

तिसरे साधन वीसेक डॉलरचे मल्टीमीटर. गाडी काही तास उभी असताना बॅटरीच्या टोकांवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. किल्ली फिरवत असताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत तो १३.७ ते १४.७ च्या दरम्यान असतो.

स्नेह्यांच्या गाडीत बॅटरी १२.६, दिवे लख्ख, आणि एकच 'टक'. म्हणजे बॅटरी ठीक. स्टार्टर नवा, दुकानात तपासून आणलेला. मग उरते काय? मधली वाट. पार्ट बदलणारे नेमके तिलाच विसरतात.

वीज स्टार्टरकडे जाड लाल तारेने जाते हे सगळ्यांना दिसते. पण ती परतही यावी लागते, आणि ती परत येते इंजिनच्या धातूतून, तिथून एका जाड काळ्या तारेने बॅटरीच्या ऋण टोकाकडे. या काळ्या तारेचे एक टोक वर, डोळ्यांसमोर. दुसरे खाली गिअरबॉक्सला बोल्टने कसलेले. आणि तिथे दरवर्षी नोव्हेंबर ते मार्च रस्त्यावरच्या मिठाचे पाणी उडते.

आता हिशेब पाहा. त्या जोडावर गंज चढून फक्त ०.०२ ओहमचा अडथळा तयार झाला, तर दोनशे अँपिअर वाहू लागताच ४ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. स्टार्टरच्या वाट्याला उरलेल्यात इंजिन फिरत नाही. उलट, काही वाहत नसताना त्याच तारेवर मीटर लावा, ते खुशाल १२.६ दाखवील. एक धागा शाबूत असला तरी मीटरला पुरतो. म्हणून तार तपासायची ती भार असतानाच.

रीत सोपी आहे. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कोणीतरी किल्ली फिरवायची. आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा. आम्हाला दिसला ३.८. मग दुसरी तार गाडीच्या बॉडीवर टेकवली : ०.१. म्हणजे बॉडीकडे जाणारी तार चांगली, म्हणूनच दिवे लख्ख, इंजिनकडची खराब. खात्री करण्यासाठी जंपर केबलचा काळा चिमटा बॅटरीच्या ऋण टोकाला आणि त्याच केबलचे दुसरे टोक इंजिनच्या लोखंडी कानाला लावले. वहिनींनी किल्ली फिरवली, गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. दुसऱ्या दिवशी ३२ डॉलरची तार आणून बसवली. जुनीचे प्लॅस्टिक कापले तर आत तांब्याऐवजी हिरवी पूड होती. वहिनींना पाळीला सोडायला स्नेही त्याच गाडीने गेले.

आता मागच्या खरेदीचा उलगडा होतो. आल्टरनेटरही इंजिनवरच बसवलेला असतो, त्याचा करंटही त्याच काळ्या तारेतून फिरतो. पन्नास अँपिअर वाहत असता ०.०२ ओहमवर एक व्होल्ट जातो, १४.२ चे १३.२ होतात. दुकानाचे यंत्र म्हणते आल्टरनेटर कमकुवत. बॅटरी रोज थोडी उपाशी राहते, मग तीही मरते. तीन पार्ट गेल्यासारखे वाटत होते, दोष मात्र एकाच तारेत होता. गॅरेजचा कॉम्प्युटर तर या गोष्टीत कुठेच नव्हता.

पैशाच्या बाजूने दोन गोष्टी. दुरुस्ती केलेला आल्टरनेटर किंवा स्टार्टर घेताना जुन्याची अनामत लावतात, तिला येथे 'कोअर' म्हणतात. जुना पार्ट आणि पावती नेऊन दिली की ती परत मिळते; पुष्कळ जण नेतच नाहीत. दुसरे, मिशिगनमध्ये १९७४ पासून वाहन दुरुस्तीचा कायदा आहे. गॅरेजची राज्याकडे नोंदणी लागते, आणि लेखी अंदाज व काढलेला जुना पार्ट मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. मापे न घेता कॉम्प्युटर बदला म्हणणाऱ्याला 'कोणत्या मापावरून?' असे विचारण्यात संकोच कसला?

आरोग्याचे मात्र नीट ऐका. बॅटरीला हात लावण्यापूर्वी अंगठी, बांगड्या, घड्याळ काढावे. लोंबणारे मंगळसूत्र आत घ्यावे. धातू दोन टोकांना एकदम लागला तर क्षणात लाल होतो. डोळ्यांवर चष्मा हवा. तार काढताना काळी आधी, लावताना काळी शेवटी. जंप देताना शेवटचा काळा चिमटा बंद गाडीच्या इंजिनच्या धातूवर, बॅटरीपासून लांब लावावा, कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटतो. टोकांवरची पांढरी-हिरवी पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, हातमोजे घालून, आणि नंतर हात साबणाने धुवावेत. त्यात शिसे असते. हायब्रिड गाडीतल्या नारिंगी तारांना कोणीही हात लावू नये. आणि घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून तपासणी करू नये, दार उघडे असले तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही.

माझे मल्टीमीटर मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला बरोबर आणणार आहे. ज्यांना हवे असेल त्यांनी आठवडाभर न्यावे. फक्त परत करताना आतली नऊ व्होल्टची बॅटरी उतरलेली असेल, तर तेवढी नवी घालून द्यावी.