मिठी : नाला नव्हे, नदी!

परवा कुर्ल्याच्या पुलावर रिक्षा अडकली. नाकाला रुमाल लावून रिक्षावाले काका म्हणाले, "हा नाला कधी साफ होणार?" म्हटलं, काका, ही नदी आहे! त्यांना पटेना, म्हणून ही पोस्ट.

विहार आणि पवई तलाव भरून वाहिले की ते पाणी मिठीत येतं. जेमतेम 18 किलोमीटर वाहून ती माहीमच्या खाडीला मिळते.

एवढ्याशा वाटेत तिचे हाल बघा. विमानतळासाठी पात्र वळवलं. आज ती धावपट्टीखालून जाते. वांद्रे-कुर्ला संकुल तर मुखाजवळच्या खाजणात भराव घालूनच उभं राहिलं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, त्यात भरती. पाण्याला पसरायला जागाच नव्हती.

त्यानंतर मिठीसाठी प्राधिकरण आलं, पात्र रुंद-खोल झालं, भिंती बांधल्या. दरवर्षी गाळही उपसतात.

तरी पाणी काळंच! कारण पावसाळा सोडला तर पात्रात वाहतं ते मुख्यतः सांडपाणी. त्यात भंगारवाल्यांकडे धुतलेल्या पिंपांचं तेल. भरती आली की हीच घाण उलटी वर सरकते.

माझं मत विचाराल तर सांडपाणी अडवल्याशिवाय नुसता गाळ काढून काही होणार नाही. बापट नाला आणि सफेद पूल नाल्याचं पाणी बोगद्यातून धारावीच्या प्रक्रिया केंद्रात नेण्याचं काम म्हणूनच महत्त्वाचं.

काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा. काठावर राहणाऱ्यांनो, घरात मिठीचे जुने फोटो असतील तर कमेंटमध्ये नक्की टाका.