गॅस गिझर पेटत नसेल तर

नळ सोडल्यावर गिझरमधून ‘टकटक’ आवाज येतो की नाही, यावरून बिघाडाची दिशा कळते. पाण्याच्या दाबाने आतला पडदा सरकतो, स्विच दाबला जातो आणि ठिणगी पडते. आवाजच नसेल तर आधी दीड व्होल्टचे दोन्ही सेल बदलावेत. तरीही शांतता असेल तर बहुधा पाण्याचा दाब कमी असतो. टाकीखालच्याच मजल्यावर हे नेहमीचे. पाणी आत येते तिथली जाळी काढून गाळ धुवावा.

आवाज येतो पण ज्योत नाही, तर सिलिंडर, रेग्युलेटर आणि गॅसचा कॉक तपासावा. पेटून लगेच विझत असेल तर सेल उतरलेले असतात किंवा ज्योत ओळखणाऱ्या सळईवर काजळी बसलेली असते. अनेक गिझर साधारण २० मिनिटांनी आपोआप बंद होतात. तो बिघाड नव्हे.

खरी काळजी पिवळ्या ज्योतीची. ज्योत निळीच हवी. पिवळी म्हणजे हवा अपुरी आणि कार्बन मोनॉक्साइडचा धोका. या वायूला वास नसतो. बंद न्हाणीघरात गॅस गिझर मुळीच लावू नये. गॅसचा वास आल्यास विजेचे बटण न दाबता सिलिंडर बंद करून खिडक्या उघडाव्यात. बर्नर आणि गॅस व्हॉल्व्ह मेकॅनिकनेच खोलावा.